दादांचं माप

१

दर रविवारी सकाळी दहाला मास्तर आईला भेटायला जात. पिशवीत मऊ बिस्किटांचा पुडा, वर्तमानपत्र आणि सुईदोऱ्याची छोटी डबी. डबी एवढ्यासाठी, की आईच्या स्वेटरचं बटण सैल झालं तर ते त्या वृद्धनिवासातल्या कुणी लावावं हे मास्तरांना खपत नसे. पस्तीस वर्षं टेलरिंगचं दुकान चालवलेला माणूस. दुसऱ्याने लावलेलं बटण त्याला दातात अडकलेल्या तुसासारखं छळतं.

त्याहून जास्त छळणारी गोष्ट एकच होती. कुणीही उठून माहिती विचारणं. बटणांचा डबा घ्यायला जावं तर मोबाइल नंबर. चष्म्याची काडी बदलायला जावं तर जन्मतारीख. फोनमध्ये साधी विजेरी घ्यावी, तर ती म्हणे तुमच्या ओळखीच्यांची यादी बघू का. "विजेरीला माझ्या मेव्हण्याशी काय बोलायचंय?" मास्तर विचारत. त्यांच्या स्वतःच्या मापाच्या वहीत गिऱ्हाइकाचं नाव नसायचं, नुसता क्रमांक. कुणाचं पोट किती सुटलंय हे चारचौघांत वाचून दाखवायची गोष्ट नाही, असं त्यांचे वडील सांगून गेले होते.

मास्तरांना घरातलं एक नाव होतं, लहानपणीचं, फक्त आई हाक मारायची ते. ते कुठल्याही कागदावर नव्हतं. इथेही लिहीत नाही, मास्तरांना आवडायचं नाही.

तर अकरा वर्षांपूर्वी एका दुकानाच्या फॉर्मला वैतागून मास्तरांनी एक माणूस लिहिला. स्वतःला नसलेला थोरला भाऊ, तीन वर्षांनी मोठा. नाव असं, की ऐकलं आणि विसरलं. जन्मतारीख, पहिली शाळा, आईचं माहेरचं आडनाव, लहानपणीच्या कुत्र्याचं नाव, सगळं मनचं. वडिलांच्या वेळचं एक जुनं सिमकार्ड पडलं होतं, ते एका जुनाट फोनमध्ये घातलं आणि फोन दुकानात बटणांच्या डब्यात टाकला. या दादांनी मास्तरांबद्दल कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. घरात रीतच पडून गेली. कुठे काही विचारलं की बायको म्हणे, "दादांचं द्या." लेकीला नवव्या वर्षी दादांची जन्मतारीख पाठ होती, स्वतःच्या आजोबांची नव्हती.

आणि शिंपी तो शिंपीच. कुठल्याशा ॲपने उंची आणि अंगाची मापं मागितली तेव्हा मास्तरांनी थातुरमातुर आकडे टाकले नाहीत. वहीत नवं पान काढलं, क्रमांक दोनशे बारा, आणि दादांचं पूर्ण माप बेतलं. छाती एकोणचाळीस, कंबर सदतीस, खांदा साडेअठरा, बाही चोवीस. उजवा खांदा अर्धा इंच उतरता.

"खांदा कशाला उतरवलात बिचाऱ्याचा?" बायकोने विचारलं होतं.

"दोन्ही खांदे सारखे फक्त हँगरचे असतात. माणूस करायचा तर नीट करावा," मास्तर म्हणाले होते.

२

आईचं विसरणं आधी गमतीचं होतं, मग गंमत राहिली नाही. गॅस उघडा राहू लागला. शिवाय फोन. तुमच्या मुलाला अपघात झालाय, ताबडतोब अमुक सांगा, असे लुबाडणाऱ्यांचे फोन येत आणि आई घाबरून घरातलं सगळं सांगून मोकळी होई. मास्तरांनी मग तिला रोज सकाळी चहाबरोबर धडा दिला.

"कुणी म्हणालं मी तुमचा मुलगा, तर काय करायचं?"

"ओळख विचारायची."

"त्याने माझं नाव, जन्मतारीख, शाळा, सगळं बरोबर सांगितलं तर?"

"तर नक्की चोर."

"का?"

"कारण माझा मुलगा कुणाला काही सांगत नाही."

आणि ती शाब्बासकीची वाट बघत हसायची. पुढे तारखा पुसल्या गेल्या, वर्षं पुसली गेली, आपला नवरा वारला हेही पुसलं गेलं, पण हा धडा पाढ्यासारखा बसला.

तिला निवासात न्यायचं त्या दिवशी मास्तर जिन्यात खाट उतरवणाऱ्यांशी हुज्जत घालत होते आणि लेक फोनवर निवासाचा फॉर्म भरत होती.

"बाबा, आजीचा जवळचा नातेवाईक कोण? एकच नाव मागतायत."

"दादांचं टाक."

"इथेपण?"

"इथे तर आधी. म्हाताऱ्या माणसांच्या याद्या कुठे कुठे जातात, कल्पना आहे का तुला?"

लेकीने टाकलं. फोटोच्या चौकटीत 'नको' दाबलं, कारण घरची शिकवण.

आठ महिने काही बिघडलं नाही. तिथला म्हातारा पहारेकरी मास्तरांना चेहऱ्यावरून ओळखत होता. मग आतल्या काचेच्या दाराला स्क्रीन बसली. तिच्यावर नाव टाकायचं, फोनवर कोड येणार, कोड भरला की दार उघडणार. मास्तर तिच्याकडे पाठ करून उभे राहत आणि पहारेकरी त्यांना बाजूच्या दाराने आत घेई.

अशाच एका रविवारी आई खिडकीशी बसली होती.

"थोरला येऊन गेला परवा," ती म्हणाली.

मास्तर वर्तमानपत्र उलगडत होते. "कोण थोरला?"

"तुझा दादा. तू रविवारी, तो बुधवारी."

"आई, मला भाऊ नाही."

"असं बोलू नये रे," आई म्हणाली.

मास्तरांनी वाद घातला नाही. इथल्या कुणीतरी फॉर्ममधलं नाव वाचलं असेल, तिच्यासमोर बोललं असेल, ते तिच्या डोक्यात शिरलं. सरळ होतं. मग त्यांचं लक्ष स्वेटरकडे गेलं. वरून तिसरं बटण गेल्या रविवारी लोंबत होतं, आणि डबीत तपकिरी दोरा नव्हता म्हणून ते तसंच राहिलं होतं. आता ते घट्ट होतं. तपकिरी दोऱ्याने. बटणाखाली दोऱ्याचा उभा देठ, देठाला वेढे. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून मोजले. सात.

सात वेढे त्यांचे वडील घालत. सहा नाही, आठ नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मास्तरांनीही ते दुकानाबाहेर कुणाला शिकवलं नव्हतं. आपणच लावलं असेल आणि विसरलो असू, असं त्यांनी ठरवलं. मग बसमध्ये पूर्ण वेळ, आपल्याकडे तपकिरी दोरा केव्हा होता, ते आठवत बसले.

३

बस थेट दुकानाशी थांबली तेव्हा मास्तर उतरले. रविवारचं बंद दुकान उघडलं आणि बटणांचा डबा टेबलावर उपडा केला.

दादांच्या फोनमध्ये नेहमीचा केरकचरा होता. दादांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, दादांना गुडघ्यांचं तेल, दादांना दुसरं लग्न. त्यांच्यामध्ये निवासाचे निरोप. मागच्या बुधवारी अकरा वाजून दोन मिनिटांनी प्रवेशाचा कोड. अकरा तीनला 'प्रवेश नोंदवला'. अकरा चाळीसला 'भेटीबद्दल आभार'. त्याच्या आधीच्या बुधवारी तेच. त्याच्याही आधीच्या बुधवारी.

बुधवारी अकराला मास्तर याच टेबलावर कापड कापत होते. डबा हातभर अंतरावर होता. त्यात काहीतरी खडखडलेलं त्यांनी ऐकलंही होतं. उंदीर असेल म्हणून टेबलावर कात्री आपटली होती.

घरी त्यांनी बायकोला आणि लेकीला समोर बसवलं.

"तुमच्यापैकी कोण जातं बुधवारी?"

"मला विचारताय?" बायको म्हणाली. "सासूबाई मला ओळखत नाहीत म्हणून मी रडून आले होते, ती शेवटची. आणि तो फोन? त्याला चार्जर कुठला लागतो तेसुद्धा मला माहीत नाही."

चार्जर त्यांनाही माहीत नव्हता. तो फोन त्यांनी निदान वर्षभरात चार्ज केलेला नव्हता. जुन्या वस्तू टिकाऊ असतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

"डेटा चोरीला गेला असणार, बाबा," लेक म्हणाली. "कुणीतरी तुमची माहिती वापरतंय."

"माझी माहिती कुठे आहेच? माझा एक शब्द कुणाकडे नाही."

"म्हणजे दादांची."

"जो माणूस नाही त्याचं कोण काय चोरणार?"

लेकीने खांदे उडवले. "मग तक्रार करा ना. माझ्यावर कशाला ओरडताय?"

४

सोमवारी दुपारी मास्तरांनी निवासाच्या मदत केंद्राला फोन लावला. आपली गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे, असं एका बाईने सांगितलं, आणि हे संभाषण ध्वनिमुद्रित होईल, असं त्याच दमात सांगितलं. मग पंचवीस मिनिटं एकच धून. तेवढ्यात मास्तरांनी एका विजारीची दुमड घातली, उसवली, आणि पुन्हा घातली.

शेवटी एक मुलगी बोलली. आवाज गोड. तिला नाव हवं होतं, जन्मतारीख हवी होती, पहिली शाळा, कुत्र्याचं नाव. खात्यावर दादा होते, तेव्हा मास्तरांनी दादांची उत्तरं दिली.

"धन्यवाद सर, ओळख पटली. सर, आपली तक्रार आम्ही सकाळीच घेतलीये."

"कुठली तक्रार?"

"नऊ वाजून पाच मिनिटांनी आपला फोन आला होता ना. एक अनोळखी गृहस्थ दर रविवारी आपल्या आईंकडे येतात, नोंद न करता, बाजूच्या दाराने. हातात पिशवी असते. असंच सांगितलंत आपण."

मास्तरांच्या बोटांत खडू होता, तो मोडला.

"तो मी आहे," ते म्हणाले.

"सॉरी सर?"

"पिशवीवाला मी आहे. मुलगा आहे मी तिचा."

"बरोबर सर. आपण मुलगा आहात. तो गृहस्थ कोण, ते आम्ही बघतोय."

"अहो बाई, दादा नाहीये. मी तयार केलाय त्याला. समजून घ्या, एक नाव आहे नुसतं."

पलीकडे टायपिंगचा आवाज आला. ही बया ते सगळं लिहून घेत होती. मग ती अगदी सावकाश म्हणाली, "ठीक आहे सर. मग आपलं खरं नाव आणि जन्मतारीख सांगता का? मी इथे बदलून घेते."

एवढं सोपं होतं ते. दोन वाक्यांचं काम. पण अनोळखी बाई, फोनवर, आणि ध्वनिमुद्रण चालू. मास्तरांनी तोंड उघडलं आणि अकरा वर्षांची सवय बोलली.

"तुम्हाला कशाला हवंय?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

नंतर ते स्वतःवरच इतके चिडले की पुन्हा नंबर लावला. तीच बाई, तीच गोपनीयता, तीच धून. चाळीस मिनिटांनी फोन आपोआप बंद झाला.

५

बुधवारी मास्तरांनी दुकान बंद ठेवलं. समोरचा चष्मेवाला बाहेर येऊन विचारून गेला, सगळं ठीक आहे ना. 'कामासाठी बाहेर' अशी पाटी लावून, दादांचा फोन खिशात घालून ते बसमध्ये बसले. आज काय तो सोक्षमोक्ष.

निवास दोन थांब्यांवर असताना फोन थरथरला. प्रवेशाचा कोड. मास्तरांनी तो झाकून धरला, जणू कोणी खांद्यावरून वाचत होतं. मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर एक बाई झोपली होती आणि बाकी बस रिकामी होती. मिनिटभराने फोन पुन्हा थरथरला. 'प्रवेश नोंदवला'.

म्हातारा पहारेकरी जागेवर नव्हता. बाजूच्या दाराला नवं कुलूप होतं, चांगलं जाडजूड. काउंटरवरची बाई मान वर न करता म्हणाली, "आत एक नातेवाईक आहेत. एका वेळी एकच. बसा."

"कोण आहेत?"

"ती माहिती देता येत नाही, काका. नियम आहे."

मास्तर बसले. समोर भिंतीला खुंट्यांची पट्टी होती आणि एका खुंटीवर करड्या रंगाचा कोट टांगलेला होता. त्यांनी तो नुसता पाहिला आणि उठून खुंटीपाशी गेले. कोटाचं माप शिंप्याला लांबूनच कळतं. टेप काढायची गरज नव्हती, तरी त्यांनी काढली, कारण डोळे फसतात, टेप फसत नाही. खांदा साडेअठरा. बाही चोवीस. छातीचं निम्मं त्यांनी दोनदा मोजलं. मग उजव्या खांद्यात बोटं घालून चाचपलं. आत अर्ध्या इंचाची जास्तीची गादी भरलेली होती. उतरता खांदा झाकायला शिंपी तेच करतो. अस्तराची टीप बारीक, शेवटाला एक टाका मागे घेतलेला. ती टीप कुणाच्या हातची, हे मास्तरांना कुणी सांगायला नको होतं. कॉलरच्या आत अजून ऊब होती.

कुणीतरी थट्टा करतंय, त्यांनी स्वतःला बजावलं. वही चोरून पाहिलीये, कोट माझ्याकडूनच शिवून घेतलाय, मला आठवत नाही एवढंच. हजारो कोट शिवलेत. एखादा विसरतो माणूस.

ते काचेच्या दारापाशी गेले. आतला बोळ लांब, शेवटच्या खोलीचं दार उघडं. खिडकीच्या उजेडात आई खुर्चीवर होती आणि तिच्यासमोर स्टुलावर एक माणूस, पाठमोरा, सदऱ्यात. त्याचा उजवा खांदा अर्धा इंच खाली होता. तो पुढे वाकला आणि त्याने आईच्या स्वेटरपाशी तोंड नेऊन दाताने दोरा तोडला. आई हसली. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. आईने आपल्या डोक्यावर असा हात ठेवल्याला किती वर्षं झाली, हे मास्तरांना आठवेना, आणि भीतीपेक्षा त्यांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यांनी काचेवर थाप मारली.

"काका, काच वाजवू नका," काउंटरवरची बाई म्हणाली.

मास्तर तिच्याकडे वळले. तेवढंच. पुन्हा पाहिलं तर स्टूल रिकामं होतं.

"कुठे गेला तो?"

"गेले की. तुमच्या बाजूनेच तर गेले आत्ता."

खुंटीवर कोट नव्हता.

६

"आता तुम्ही. नाव टाका," बाई म्हणाली.

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या स्क्रीनवर आपलं खरं नाव लिहिलं. अक्षर अन् अक्षर तपासून. स्क्रीनवरचं चक्र क्षणभर फिरलं. 'नोंद नाही.' त्यांनी पाकिटातून ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. बाईने ते पाहिलं, आपल्या यादीत पाहिलं आणि परत सरकवलं.

"या नावाचं आईंचं कुणी नाही. त्यांना एकच मुलगा आहे."

"तो एकच मी आहे."

"मग त्यात तुमचं नाव का नाही?"

"फोटो बघा हवं तर."

"फोटो नको असं लिहून दिलंय." तिचा आवाज जरा मऊ झाला. "हे बघा काका, तक्रार आलेली आहे. आज ओळख पटली नाही तर तुमचा प्रवेश कायमचा बंद करावा लागेल मला. माझ्या हातात नाही ते."

मास्तर स्क्रीनसमोर उभे राहिले. बोळाच्या टोकाला आई दिसत होती. त्यांनी दादांचं नाव टाकलं. खिशातला फोन इमानदारीने थरथरला आणि कोड आला. दादांची जन्मतारीख. दादांची शाळा. मग प्रश्न आला, आईचं माहेरचं आडनाव. खरं आडनाव त्यांच्या जिभेवर होतं. आईच्या ट्रंकेवर ते पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, लहानपणी त्यांनी अक्षरं त्यावर गिरवली होती. त्यांनी खोटं लिहिलं. दार लगेच उघडलं.

खोलीत पलंगाच्या वर एक वाटोळं यंत्र होतं, हिरवा दिवा असलेलं. कुणी पडलं-झडलं तर ऐकू यावं म्हणून. मास्तर आले की त्यावर आधी रुमाल टाकत. आज टाकला नाही.

"थोरल्या?" आई डोळे बारीक करून म्हणाली. "काही विसरलास का?"

'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. स्टुलावर बसायचं, तिचा हात डोक्यावर घ्यायचा, दर बुधवारी यायचं. पण मास्तरांचं डोकं आता पार फिरलं होतं. एका नसलेल्या माणसाच्या नावाने आपल्याच आईकडे बसायचं, हे त्यांना मरेपर्यंत जमलं नसतं.

"आई, मी थोरला नाही," ते म्हणाले. "मी तुझा एकुलता एक आहे."

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. हिरव्या दिव्यासमोर, मोठ्या आवाजात. पूर्ण नाव. जन्मतारीख, वार, वेळ. जन्मलो ते घर, त्याचा जिना, जिन्याची तुटकी तिसरी पायरी. खरी शाळा, बाकाचा क्रमांक. ट्रंकेवरचं आडनाव. इस्त्रीने पोळलेल्या गुडघ्याचा डाग त्यांनी विजार वर करून दाखवला. वडिलांचे सात वेढे सांगितले. ज्या गोष्टी बायकोला माहीत नव्हत्या त्या सांगितल्या. आणि सगळ्यात शेवटी, स्टुलावर बसून, आवाज अगदी लहान करून, घरातलं नावही सांगितलं.

आई लक्ष देऊन ऐकत होती. मधे मधे मान हलवत होती. मास्तरांचे डोळे भरून आले.

"बरोबर," ती म्हणाली. "एकूण एक बरोबर सांगितलंत तुम्ही."

तिचा हात खुर्चीच्या दांड्यावरून सावकाश खाली गेला, मदतीच्या घंटीपर्यंत, आणि तिने घंटी दाबून धरली.

"माझा मुलगा कुणाला काही सांगत नाही," आई म्हणाली, आणि मास्तरांकडे बघून हसली. शाब्बासकीची वाट बघत रोज सकाळी हसायची, तसंच.